पडद्यामागची गोगलगाय

सकाळी दूध मंद आचेवर ठेवून ती नेहमीप्रमाणे आधी मागच्या खोलीत गेली. खिडकीची कडी गंजली होती. डाव्या हाताने फळी जराशी आत दाबून उजव्या हाताने कडी वर ओढली, तरच ती सुटत असे. तिने ती तशी सोडवली, खिडकी उघडली, आणि रात्रभर कोंडलेल्या हवेचा वास, रंगीत खडूंचा, जुन्या लाकडाचा आणि न वापरलेल्या कापसाचा, तिच्या अंगावरून बाहेर गेला. पलंगावरची पिवळी चादर कोणी चुरगळली नव्हती, तरी तिने दोन्ही टोके धरून ती सारखी केली. टेबलावरच्या खडूंच्या डब्यावरून, कोपऱ्यातल्या लाकडी ठोकळ्यांवरून फडके फिरवले. उशीवर बसवलेल्या कापडी सशाचा एक कान पडला होता, तो उभा केला. इतक्यात स्वयंपाकघरातल्या दुधाचा आवाज बदलला. उतू जाण्याआधी दूध क्षणभर श्वास रोखून धरल्यासारखे गप्प होते. ती गप्प होण्याची घटका तिच्या कानांना भिंतीपलीकडूनही ओळखू येई. ती धावली नाही, चालतच गेली, आणि तरी वेळेवर पोहोचली. गॅस बंद केला. चहाचे आधण ठेवले, पावाचे दोन काप तव्यावर टाकले, आणि निळ्या शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत असतानाच फोन वाजला.

मुलीचा फोन रविवारी येत असे. ती तिच्या वडिलांकडे, दुसऱ्या गावात राहत होती, आणि रविवारची दुपार हा त्या दोघींचा ठरलेला वेळ होता. आज रविवार नव्हता. पडद्यावर तिचे नाव पाहताच आईने इस्त्री उभी करून ठेवली आणि फोन उचलला.

“आई, गडबडीत आहेस?”

“नाही गं. चहा होतोय. काय झालं? बरी आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय! ऐक ना, सुट्टीचं सांगायचं होतं. आमच्या पोहण्याच्या सरांनी मला रिले शर्यतीत घेतलंय. शेवटची मी. म्हणजे शेवटी उडी मारणारी. महत्त्वाची असते ती.”

“अगं वा!”

“हो. पण मग सगळी सुट्टी सराव आहे. रोज सकाळ-संध्याकाळ. त्यामुळे यंदा मी तिकडे... नाही येणार बहुतेक.”

त्या ‘बहुतेक’ला तिने दोन्ही हातांनी धरले. “मधे चार दिवस तरी सुटतील की. बघ ना विचारून. तुझी खोली मी तशीच ठेवलीय. आत्ताच खिडकी उघडून आले.”

मुलगी म्हणाली, “तेच तर ना, आई.”

“तेच तर म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. तू ना, दर वेळी मला तिथूनच सुरू करतेस.” हे ती रागाने म्हणाली नाही. घरातली एखादी खुर्ची कुरकुरते, हे जसे सहज सांगावे तसे म्हणाली. तेवढ्यात तिच्यामागे कोणाची तरी हाक आली, खणखणीत, हसरी, “ए लांबडे! बस सुटेल, चल की!” आणि मुलगी फोनपासून तोंड बाजूला करून त्याच खणखणीत आवाजात ओरडली, “आले गं, जीव नका खाऊ!” मग पुन्हा जवळ येऊन, हळू, “ठेवते आई. रविवारी बोलू.”

पाव करपला होता. तिने सुरीने काळा भाग खरवडून काढला आणि उरलेला खाल्ला. चव अशी लागलीच नाही. जे लागत होते ते कानाला: लांबडे. कोणाला हाक मारली होती ती? कळायला तिला थोडा वेळ लागला, आणि कळले तेव्हा जिन्यावरून उतरताना एखादी पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि ती नसावी, तसे झाले. ती स्वतः मुलीला ‘ठिपकी’ म्हणत असे. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून ठिपकी. मोठ्या पांढऱ्या दुपट्याच्या मधोमध एक गुलाबी ठिपका. अजूनही रविवारी फोन ठेवताना ती “नीट राहा हं ठिपके” असेच म्हणे, आणि पलीकडून दर वेळी “हो” येई. त्या ‘हो’मध्ये इतके दिवस काय होते, हे तिने कधी पाहिले नव्हते. तिकडे कुठल्याशा बसथांब्यावर, तिने कधी न पाहिलेल्या मुलींच्या घोळक्यात, तिची ठिपकी लांबडी म्हणून उभी होती, आणि ते नाव इतके जुने, इतके वापरातले होते की त्या हाकेला मुलगी अडखळलीसुद्धा नव्हती.

ऑफिसला ती चालत जात असे. वाट ठरलेली होती: छापखान्याच्या बाजूने, मग उतारावरून, मग पुलाखालून. किती लांबडी? हाच प्रश्न पायांबरोबर चालत होता. मागच्या सुट्टीत मुलगी आली तेव्हा त्या छोट्या पलंगावर तिचे पाय पायथ्याच्या गजांमधून बाहेर यायचे. सकाळी हाक मारायला गेले की आधी दिसत ते दोन तळवे, रुंद, टाचेला भेगा पडू लागलेले, बाईमाणसाचे वाटावेत असे. ते पाहून तिने काय केले होते? ती हसली होती, आणि पायथ्याशी एक स्टूल ठेवून त्यावर उशी मांडली होती. “आता झालं की नाही ऐसपैस?” “चालेल,” मुलगी म्हणाली होती. ‘चालेल’ हा तिचा आवडता शब्द झाला होता त्या सुट्टीत. दुधात कोको घालू? चालेल. ठोकळे काढू का गंमत म्हणून? चालेल. तेव्हा तो शब्द किती समजूतदार वाटला होता. आज उतारावरून चालताना तिला त्या शब्दाची पाठ दिसली. पाहुणा यजमानाचे मन मोडू नये म्हणून जे बोलतो, ते होते ते.

ऑफिस एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होते. जिन्याच्या तोंडाशी दुकानदाराने रंगवून घेतलेला एक प्रचंड डोळा होता, आणि त्याच्या बाहुलीतूनच वर जावे लागे. तीन टेबले, एक फळा, कोणीही पाणी न घालता जगलेले एक झाड. इथे ती आणि आणखी दोघे जण संगणकावरचे छोटे छोटे खेळ बनवत. चित्रे काढणारा तरुण होता, त्याला सगळे ‘चित्रकार’च म्हणत, आणि ऑफिस ज्यांचे होते ते सर, मऊ बोलणारे, कधीकाळी गणित शिकवलेले, अजूनही वाक्याच्या शेवटी ‘कळलं?’ म्हणणारे. खेळ चालण्यासाठी जे सगळे लिहावे लागते ते ती लिही.

“ताई, आज दार बसवताय ना आमच्या गोगलगायीला?” चित्रकाराने तिला पाहताच विचारले. “माझं चित्र तयार होऊन आठवडा झाला. भिंत वाळायला लागली.”

“बसवते आज.”

“गेल्या आठवड्यातही हेच म्हणालात. गोगलगाय बरी, ती निदान पोहोचते.”

ती हसली. पण त्याने बोट नेमके ठेवले होते. हा खेळ लवकरच बाहेरच्या लोकांच्या हाती जायचा होता, आणि त्याला आरंभीचा पडदा नव्हता. खेळ उघडला की तो चालूच असे: समोर ओलसर भिंत, तळाशी गोगलगाय, वरून सरकत येणारे ऊन. नाव नाही, ओळख नाही, ‘सुरू करा’ नाही. सरांनी महिन्यापूर्वीच सांगितले होते, “माणूस घरात शिरतो तेव्हा आधी उंबरा लागतो. आपण त्याला थेट स्वयंपाकघरात ढकलतोय. कळलं?” तिला कळले होते. तरी इतर पन्नास कामे करून ती हे एक काम मागे टाकत आली होती, आणि त्याचे कारण तिने कोणाला सांगितले नव्हते. हा खेळ तिने मुळात ऑफिससाठी बनवलाच नव्हता. मुलगी सहा वर्षांची असताना, मागच्या खोलीतल्या टेबलाशी, मांडीवर मुलगी आणि मांडीपलीकडे संगणक अशा अडचणीत तो बनला होता. चित्रे तेव्हा ओबडधोबड होती. भिंत म्हणजे एक करडा चौकोन, गोगलगाय म्हणजे दोन गोळे. पहिल्यांदा तिने रीतीप्रमाणे खेळाचे नाव दाखवणारी पाटी लावली होती. मुलीने ती पाहिली आणि टेबलावर मूठ आपटली. “हे कशाला? लगेच सुरू झालं पाहिजे!” आणि आईने ती पाटी पुसून टाकली. तेव्हापासून आजवर या खेळाला दार नव्हते. दार नसणे ही त्या खोलीतून, त्या मांडीवरून आलेली शेवटची वस्तू होती, आणि ती तिच्या हातांनी काढायची होती.

आणखी एक गोष्ट मुलीने तेव्हाच ठरवून टाकली होती. खेळणाऱ्याने बाण दाबून गोगलगायीला चालवायचे, असे आईने गृहीत धरले होते. मुलगी म्हणाली, “मी गोगलगाय नाही होणार. ती तिची तिची चालेल. मी सावली होणार.” म्हणून या खेळात खेळणारा सावली असतो. भिंतीवर ऊन सरकत येते, खेळणाऱ्याच्या हाती एक पान असते, आणि ते पान धरून त्याने गोगलगायीच्या अंगावर सावली राखायची, कोरड्या भिंतीवर दोन थेंब पाडायचे, इतकेच. चालायचे तिने. सर जेव्हा कधी हा खेळ कोणाला दाखवत तेव्हा सगळ्यात आधी याचेच कौतुक होई, आणि ती खाली मान घालून कागदावर रेघोट्या ओढत बसे.

तिने काम सुरू केले. हे काम कठीण नव्हते. नव्याने येणाऱ्यांना ती स्वतः ते शिकवत असे. खेळाला प्रत्येक क्षणी एक गोष्ट ठाऊक असावी लागते, की आपण आत्ता कोणत्या अवस्थेत आहोत. ओळख करून देण्याच्या, प्रत्यक्ष खेळण्याच्या, मधेच थांबण्याच्या, की संपण्याच्या. एकाच खोलीत या सगळ्यांना सोडले तर गोंधळ होतो. प्रत्येकीचे आत येणे, चालत राहणे, दिसणे आणि निघून जाणे वेगळे लिहायचे, आणि मग ताटल्यांची चवड लावावी तशी त्यांची चवड लावायची. जी सगळ्यात वर, ती समोर. वरची काढून घेतली की खालची आपोआप उघडी पडते. तिने खाली खेळ मांडला आणि त्याच्या वर ओळखीचा पडदा ठेवला. चित्रकाराची ओली भिंत, मधोमध खेळाचे नाव, खाली ‘सुरू करा’. कोणी कळ दाबली की पडदा उचलायचा, आणि खाली खेळ तयारच. वाट पाहायला नको. हीच तिची युक्ती होती, आणि तिला ती मनापासून आवडली. लगेच सुरू झाले पाहिजे, ही अट तिने पडदा लावूनही पाळली होती. लिहिता लिहिता एकदा सकाळचे वाक्य डोके वर काढून गेले, तू मला दर वेळी तिथूनच सुरू करतेस. तिने ते बाजूला केले आणि पुढची ओळ लिहिली.

पडदा लागला. चित्रकार खुर्ची ओढत आला, नाव मधोमध आहे की नाही हे एक डोळा मिटून पाहून गेला. “झकास. राहू दे तसंच, मी आलो चहा घेऊन, मग नीट बघू.” सरांनी मधेच दोघांना फळ्यापाशी बोलावले, पुढच्या खेळाबद्दल काहीबाही निघाले, आणि बोलणे लांबले. तिच्या टेबलावर पडदा तसाच उजळत राहिला: भिंत, नाव, ‘सुरू करा’. परत आल्यावर चित्रकाराने एका हातात कप सांभाळत दुसऱ्या हाताच्या करंगळीने कळ दाबली. पडदा उठला. तळाशी गोगलगाय नव्हती.

“गेली कुठे?” तो म्हणाला. मग मान वर करून, “अहो ताई! ही बघा कुठे!”

ती भिंतीच्या वरच्या अर्ध्यात होती. नळाचा सांधा मागे टाकून, मोठा तडा ओलांडून, खिडकीच्या कठड्याच्या अगदी खाली.

“आम्ही दारात उभे, आणि बाईसाहेब केव्हाच बाहेर पडल्या!” चित्रकार खो खो हसला. “सर, या, तुमचा उंबरा बघा. उंबऱ्यावर पाहुणा, आणि घरधनीण गच्चीवर.”

सर आले, वाकून पाहिले. “वरचा पडदा तेवढा दिसतोय, पण खालचं सगळं चालूच राहिलंय. कळलं?”

“कळलं,” ती म्हणाली. बघताक्षणीच कळले होते. दाखवायचे फक्त सगळ्यात वरचे, हे तिने लिहिले होते. चालवायचेही फक्त वरचेच, हे लिहायचे राहून गेले होते. चवडीतल्या सगळ्याच अवस्थांना प्रत्येक ठोक्याला ‘चला पुढे’ असा निरोप जात होता. झाकले म्हणजे थांबले, असे तिच्या हातांनी परस्पर धरून टाकले होते. नवशिक्याकडून हे झाले असते तर ती त्याला समजावताना म्हणाली असती, अरे, दिसत नाही म्हणजे चालत नाही असं थोडंच असतं.

“एका ओळीचं काम आहे,” ती म्हणाली. “लगेच करते.”

पण तिने ते लगेच केले नाही. चित्रकार आपल्या टेबलाकडे गेला, सर फोनवर बोलू लागले, आणि ती ती भिंत पाहत राहिली. गोगलगाय चालली की तिच्यामागे एक चकचकीत रेघ उमटे. आजवर ती रेघ तिने खेळणाऱ्याच्या हातून घडलेली पाहिली होती, सरळ, सावलीच्या मागोमाग वर जाणारी. ही रेघ तशी नव्हती. तळापासून ती थोडी वर आली होती आणि तिथे एक जाड ठिपका होता. म्हणजे इथे ऊन आले, सावली नव्हती, आणि ती शंखात शिरून बसली. किती वेळ बसली असेल, ते ठिपक्याच्या जाडीवरून कळत होते. मग रेघ डावीकडे वळली होती, जिकडे नळाच्या मागे ओल होती. खेळणारा तिला तिकडे कधीच नेत नसे, ती वाट लांबची होती. नळाच्या कडेकडेने वर, पुन्हा एक ठिपका, पुन्हा थोडे चालणे. तड्यापाशी तर ती चांगलीच रेंगाळली होती. रेघ खाली येऊन परत वर गेली होती, एकदा, दोनदा. आणि मग पलीकडे. पलीकडे रेघ सलग होती. बहुधा तोवर ऊन उतरले असावे. तिथे कोणी पाहायला नव्हते. समोर त्या वेळी फक्त नाव होते आणि ‘सुरू करा’.

हे नियम तिनेच लिहिले होते. कोरडे पडले की आत जा. ओल लागली की तिकडे वळ. ऊन उतरले की नीघ. का लिहिले होते, तेही तिला आता अंगभर आठवले. मुलगी खेळता खेळता मधेच उठून जाई, पाणी प्यायला, खिडकीतून कुत्रे पाहायला, आणि परत येऊन पाहते तो गोगलगाय उन्हात वाळून मेलेली. असे एकदा झाले आणि ती इतकी रडली की उचकी थांबेना. “मी नसले की ती मरते?” “नाही गं,” आईने तिचे नाक पुसत सांगितले होते. “मी आत्ता बदलते ते. तू नसलीस की ती आत जाऊन बसेल. मग ऊन गेलं की निघेल.” “मला न विचारता?” “तुला न विचारता.” मुलीने यावर बराच विचार केला होता. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि थोडा अपमानही. “मग मी परत आल्यावर?” “परत आलीस की असेल तिथून सावली धरायची.”

असेल तिथून. तिने खुर्चीत पाठ टेकवली. खालून चष्म्याच्या दुकानात कोणीतरी अक्षरे वाचत होते, मोठी, मग लहान, मग चुकत. दोन वर्षांनी, मुलगी आठ वर्षांची असताना, तिने तिच्या हातात बॅग दिली होती. तिचा नवऱ्याबरोबरचा संसार मोडला होता. तिची नोकरी तेव्हा आज आहे उद्या नाही अशी होती, वडिलांच्या गावात बरी शाळा होती, शेजारच्याच घरात आत्या होती, आणि सगळ्यांच्या मते, तिच्याही मते, हेच शहाणपणाचे होते. दारात उभी राहून ती मुलीला म्हणाली होती, “थोडे दिवस गं, ठिपके. मग आपण इथूनच पुढे सुरू करू.” नोकरी लागून स्थिरस्थावर व्हायला जो काळ गेला त्यात मुलीची शाळा लागली, पाण्याशी ओळख झाली, मैत्रिणी झाल्या, थोडे दिवस पुढे सरकत राहिले. पण दारातले ते वाक्य तिने खरे मानले होते. इतके खरे, की रोज सकाळी जाऊन ती त्याची खिडकी उघडत होती. वर काहीही येवो, नोकरी, पावसाळे, हे ऑफिस, एकटीचा चहा, खाली ती खोली तशीच थांबलेली आहे, आणि वरचे सगळे एकदा उचलले की ती उघडी पडेल, चादर, ससा, खडू, आणि मांडीवर मावणारी मुलगी. ती मूर्ख नव्हती. मुलगी मोठी होते आहे हे तिला माहीत होते. दर सुट्टीत दिसत होते. तरी दिसणे वेगळे आणि धरणे वेगळे. दर सुट्टीत ती लांब पायांची एक मुलगी दारात घेई, आणि स्टुलावर उशी मांडून तिला पुन्हा तळाशी नेऊन ठेवी. आणि मुलगी म्हणे, चालेल.

ज्या दुपारी मुलीला ताप आला असेल, ज्या दिवशी शाळेत कोणी चिडवले असेल, पहिल्यांदा खोल पाण्यात सोडले तेव्हा, ते सगळे जाड ठिपके कुठेतरी उमटले असतील. ते आईला कधीच वाचता येणार नव्हते. याचे दुःख तिला अनपेक्षित वाटेने आले. डोळे भरून आले नाहीत. फक्त तळहात रिकामे वाटले, काहीतरी धरलेले असताना ते नाही असे कळावे तसे. आणि त्या रिकामपणाच्या आतच एक विलक्षण ओढ होती. मागे नेणारी नव्हती ती ओढ. तिला ती मुलगी पाहायची होती, जी शेवटी उडी मारते.

“ताई, झाली ती एक ओळ?” चित्रकाराने विचारले.

“नाही. सर, एक मिनिट येता?” ती म्हणाली. सर आले. “मला वाटतं, हे असंच ठेवू या. चालू दे तिला.”

“म्हणजे पडद्यामागे?”

“पडद्यामागे नाही. दिसू दे. आधी खालची भिंत दाखवायची, गोगलगायीसकट, आणि तिच्यावर नुसती अक्षरं. माणूस खेळ उघडेल तेव्हा ती निघालेली असेल. त्याने लगेच हात घातला तर तळाशी सापडेल. बसून राहिला तर वर गेलेली असेल.”

“थांबा थांबा,” चित्रकार म्हणाला, “नुसती अक्षरं म्हणजे माझी भिंत पुसणार तुम्ही! आठवडाभर शेवाळ काढत होतो मी.”

“तुझं शेवाळ खालच्या भिंतीवर लावू. तिथे तिला लागेल तरी.”

“हं. शेवाळाचीही बदली झाली म्हणायची.” पण तो वाकून पाहू लागला, म्हणजे त्याला पटत होते.

सरांना पटत नव्हते. त्यांनी चष्मा काढला. “लोकांना वाटेल, माझा खेळ माझ्याशिवाय कसा सुरू झाला? आपण उशिरा आलो, असं वाटेल त्यांना. कोणाला आवडतं ते?”

“कोणालाच नाही,” ती म्हणाली. “पण उशिरा आलेल्यालाही काम आहे, सर. वर अजून भिंत आहे. ऊनही आहे.”

सरांनी त्या वेड्यावाकड्या रेघेवरून बोट फिरवले. “आणि कोणी आलंच नाही तर?”

“तर ती पोहोचेल. तिचं अडणार नाही. अडेल ते आपलं.”

“बरं,” सर म्हणाले. यावेळी त्यांनी ‘कळलं?’ म्हटले नाही. “करून दाखवा. वाईट दिसलं तर जुनं करू.”

तिने ते केले. ओळखीच्या अवस्थेला सांगितले, तू स्वतःला दाखवण्याआधी तुझ्या खालची दाखव. अक्षरे हलकी केली, त्यांच्यामधून ओली भिंत दिसेल अशी. मग ‘सुरू करा’ या शब्दांवर ती बराच वेळ अडली. ते आता खोटे होते. तिने ते पुसले आणि त्यांच्या जागी लिहिले, ‘सावली धरा’. चित्रकाराने तिच्या खांद्यावरून वाचले आणि कधी नव्हे तो काहीच विनोद केला नाही.

घरी आली तेव्हा उन्हे तिरपी होऊन मागच्या खोलीत पलंगाच्या पायथ्यापर्यंत आली होती. बूट काढून ती त्या पलंगावर आडवी झाली. सकाळी सारखी केलेली चादर चुरगळली. तिचे स्वतःचे घोटे गजांवर टेकले. मुलगी आता आपल्यापेक्षा उंच असेल का, तिने स्वतःला विचारले. शेजारी शेजारी उभ्या राहिल्याशिवाय ते कळणारच नव्हते. पडल्या पडल्याच तिने फोन काढला आणि लिहिले, ‘ठिपके’. ते खोडले. मग सरळ लिहिले: ‘सुट्टीत तू येऊ नकोस. मी येते. तुमच्या घरी नाही, जवळपास एखादी खोली बघेन. तुझा सराव असेल तेव्हा कडेला बसेन. टॉवेल धरायला कोणी लागतं का?’ वाचून पाहिले, आणि पाठवले.

मग ती उठली, माळ्यावरून पाना काढला, आणि पलंगापाशी खाली बसली. बोल्ट जुने होते; पहिला निघायला फार त्रास झाला, पुढचे सोपे गेले. ससा आणि खडू तिने कपाटात ठेवले. ते टाकायचे काही कारण नव्हते. फळ्या एकेक करून बाहेर जिन्याच्या चौकात नेऊन भिंतीला टेकवल्या. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई दार उघडून म्हणाल्या, “काय हो, खोली रिकामी करताय? लेक येणार होती ना?”

“तिला हा लहान होतो,” ती म्हणाली. “मोठा आणायचाय. तिला विचारून. तुमच्या नातवाला होईल बघा हा.”

“होईल की! पण तुम्हाला...”

“मला नको.”

शेवटची फळी ठेवून ती आत आली तेव्हा जमिनीवर पडलेला फोन उजळला होता. मुलीचे उत्तर होते. ‘टॉवेल आमचे आम्ही धरतो. ओरडायला माणूस कमी आहे. शेवटच्या फेरीला नावाने ओरडावं लागतं, पाण्यात कानावर काहीच येत नाही नाहीतर. जमेल का तुला?’

ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. पलंगाच्या जागी जमिनीवर एक उजळ चौकोन उरला होता, आणि भिंती एकाएकी लांब गेल्यासारख्या वाटत होत्या. खिडकी सकाळपासून उघडीच होती. तिने घसा साफ केला.

“लांबडे,” ती म्हणाली. रिकाम्या खोलीत तो शब्द तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा वाजला, आणि परका. समोरच्या दारामागची हालचाल थांबली.

तिने श्वास भरून घेतला आणि पुन्हा, या वेळी जरा लांबवर पोहोचेल अशी, हाक मारली.